शिपायाची झोप

आप्पा तोंडात खिळे धरून काम करायचे, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे दोघांचंही बोलणं एकट्यानेच करायचं, याची घरादाराला सवय होती. खुर्चीची बैठक मढवताना एका हाताने कापड ताणून धरावं लागतं, दुसऱ्या हातात हातोडी असते, मग खिळा धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून मूठभर बारीक खिळे ओठांत धरायचे. हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं. टोक ओठांशी नेलं की एक खिळा चिकटून येतो, तो ठोकायचा, पुन्हा ओठांशी. हात बसला की हे काम श्वास घेतल्यासारखं चालतं. बोलणं मात्र बंद. खिळ्यांच्या आडून बाहेर येतो तो फक्त "हं".

माईंना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, या "हं"च्या सगळ्या जाती ओळखू यायच्या. भुकेचा हं वेगळा, "बघू नंतर"चा वेगळा, आणि "मला पटलेलं नाही, पण आत्ता भांडायला वेळ नाही" याचा तर फारच वेगळा. "तुमच्यापेक्षा तुमचा हं बरा, निदान खरं बोलतो," असं त्या म्हणायच्या.

हिवाळा सरता सरता माई गेल्या. तेव्हापासून आप्पांच्या तोंडातले खिळे फक्त जेवणापुरते आणि झोपेपुरते निघत. काम होतंही भरपूर. एका जुन्या नाट्यगृहाच्या खुर्च्या दुरुस्तीला आल्या होत्या आणि दुकानात त्या रांगेनेच मांडल्या होत्या, कारण दुसऱ्या कशाही मांडल्या तर माणसाला जायला वाट उरत नव्हती. काहींची पोटं फाडलेली, काहींना नवं लाल कापड चढलेलं. खाली दुकान, वर माडीवर घर. मुलगा सकाळी कामावर जायचा तो संध्याकाळी यायचा. दिवसभर घरात सासरा आणि सून दोघंच, आणि दोघांच्या मध्ये हातोडीचा आवाज.

एका दुपारी सूनबाई पुस्तक घेऊन खाली आली.

"आप्पा, थोडा वेळ इथे उभी राहू का? गुरुवारी नमुना पाठ आहे."

"हं," आप्पा म्हणाले. याचा अर्थ होता "राहा की, विचारायचं काय त्यात". सूनबाईला तो ऐकू आला "कर काय करायचं ते". ती रांगेतल्या खुर्च्यांकडे तोंड करून, आप्पांकडे अर्धी पाठ फिरवून उभी राहिली.

नमुना पाठ म्हणजे मुख्याध्यापिकेसमोर खऱ्या वर्गाला एक धडा शिकवून दाखवायचा. जमलं तर नोकरी. मागच्या शाळेत सूनबाईची वर्गासमोर दातखीळ बसली होती. फळ्यावर तारीख लिहिली आणि पुढे शब्द फुटेना. या वेळी तिने नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, "आता नाही जमलं तर सगळी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायची. पुन्हा विषय काढायचा नाही." नवऱ्याने हे आप्पांना सांगितलं होतं, आणि आप्पांना ते लागलं होतं. कारण शिकवायचं खूळ सुनेच्या डोक्यात भरलं ते माईंनी. ती शिक्षिकेचा कोर्स करत होती तेव्हा रोज माई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वर्ग व्हायच्या. अख्खा वर्ग एकट्या. आणि वर्गही असा व्रात्य, की शहाणा मास्तर पळून जावा. "बाई, हिने माझी पेन्सिल घेतली." "बाई, मला काही कळलं नाही, पण मी बाहेर जाऊ का?" सूनबाई हसून लोळायची आणि माई लसूण सोलत पुन्हा म्हणायच्या, "हसू नका बाई, शिकवा. उद्या खरी कार्टी याहून वाईट असणार."

आता वर्गाच्या जागी फाटक्या खुर्च्या होत्या.

सूनबाईने कविता वाचायला घेतली. शाळेनेच नेमून दिलेली कविता होती. एका माणसाने रागाच्या भरात आपल्या मित्राचा जीव घेतलेला असतो. दुसऱ्या दिवशी उजाडता त्याला फाशी व्हायची असते. कविता त्या शेवटच्या रात्रीची.

ज्या हातांनी मित्र मारला
तेच हात उशाला घेतो;
धुतले तरी ते माझेच हात,
झोप कुठली, जागा राहतो.

एवढ्यात दारातून आवाज आला, "कुणाला मारलं? कधी?" शेजारच्या टपरीतला किल्लीवाला गळ्यात किल्ल्यांचा जुडगा अडकवून उभा होता. गिऱ्हाईक नसलं की तो कुणाच्याही दुकानात स्वतःचंच असल्यासारखा शिरायचा.

"कविता आहे काका. बसा. तुम्ही वर्ग व्हा."

"मी चौथीत शाळा सोडली, आता परत बसवताय होय?" असं म्हणत तो लाल कापडाच्या खुर्चीवर ऐसपैस बसला. "वाचा मास्तरीणबाई. मारामारी असली तर आपलं लक्ष असतं."

तिने पुढचं वाचलं. कोठडीच्या दाराशी पहाऱ्याला शिपाई उभा असतो. दमलेला, डोळे मिटत असलेला. कैदी त्याला म्हणतो,

टेक जरा पाठ, शिपायादादा,
किती उभा राहशील दारी?
रात्र एवढी राहिली माझी,
पहाऱ्याची माझीच बारी.

"हा पळायच्या बेतात आहे," किल्लीवाल्याने निकाल दिला. "शिपाई घोरायला लागला की हा पसार. कुलूप कसलं होतं ते लिहिलंय का?"

"नाही हो काका."

"मग कविता अर्धवट आहे."

आप्पांच्या खिळ्यांमागून हसू आलं, एक खिळा खाली पडला. पण सूनबाई हसली नाही. तिने शेवटचं कडवं वाचलं. वाचलं कसलं, उरकलं.

उजाडताना पावलं वाजली,
किल्ल्या वाजल्या, आले सारे;
त्यानेच हळू हाक मारली,
"ऊठ दादा, सावध हो रे."

"म्हणजे पळाला नाही?" किल्लीवाला म्हणाला. "वर शिपायाला उठवलंन? साहेबांनी झोपलेला पकडू नये म्हणून? कमाल आहे. का बरं असं केलं असेल?"

हाच तर प्रश्न गुरुवारी वर्गाला विचारायचा होता. सूनबाईने पुस्तक मिटलं. "उद्या सांगते," म्हणाली आणि माडीवर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. या वेळी तिने रात्रभर बसून तयारी केली होती हे डोळ्यांवरूनच दिसत होतं. किल्लीवालाही हजर होता, आणि त्याने बरोबर आणलेल्या शेंगांची टरफलं आप्पांच्या दुकानात पडू नयेत म्हणून खिशात भरत होता.

"या कवितेत," सूनबाई खुर्च्यांना म्हणाली, "फाशी कैद्याला झालेली आहे. पण खरा गुन्हेगार तो नाही. त्याने आपला गुन्हा कबूल केलाय, तो भोगतोय. खरा गुन्हेगार शिपाई आहे."

"शिपाई?" किल्लीवाल्याची शेंग हातातच राहिली. "त्याने काय घोडं मारलंय?"

"तो झोपला."

"अहो, दमला होता बिचारा."

"दमला तर काय झालं? एका माणसाची शेवटची रात्र. त्याच्याजवळ जागं राहायचं एवढंच काम त्याला दिलं होतं. दुसरं काही करायचं नव्हतं, फक्त जागं राहायचं होतं. तेवढंही झालं नाही त्याच्याच्याने. तो माणूस एकटा पडला. उद्या कुणी त्या शिपायाला काही बोलणार नाही, त्याला कुणी शिक्षा करणार नाही, म्हणून काय तो सुटला?" तिचा आवाज चढत गेला होता. "तो रोज उठेल, कामाला लागेल, सगळे त्याच्याशी नीट वागतील, आणि प्रत्येकाला आत माहीत असेल की हा झोपला होता."

किल्लीवाला चाचरत म्हणाला, "पण कैद्यानेच तर सांगितलं ना, टेक म्हणून..."

"त्याने सांगितलं म्हणून यानं झोपायचं? असल्या माणसाला माफी नाही, काका." तिने पुस्तक मिटलं. जिन्यावर तिची पावलं वाजली आणि वरचं दार लागलं.



"आप्पा," किल्लीवाला हळू आवाजात म्हणाला, "ही कविता शिकवतेय का कुणाला फासावर देतेय? अशी गेली गुरुवारी तर पोरं भिऊन बाकाखाली लपतील."

आप्पांनी हातोडी खाली ठेवली. त्यांच्या डोक्यात काहीतरी हललं होतं, आणि ते नीट दिसावं म्हणून ते खुर्चीच्या उघड्या पोटातल्या काथ्याकडे बघत बसले.

माईंच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्याजवळ बसायच्या पाळ्या लावल्या होत्या. आप्पा, मुलगा, सून. शेवटची रात्र सुनेची होती. पहाटे आप्पा दुकानातून वर येऊन, चहा करून माईंच्या खोलीत गेले तेव्हा माई गेलेल्या होत्या आणि सूनबाई पलंगाच्या कडेवर डोकं टेकून गाढ झोपली होती. त्यांनी तिला उठवलं. पुढे घरात माणसं आली, गेली, आणि आप्पा खाली येऊन खिळे तोंडात धरून बसले. त्या रात्रीबद्दल ते सुनेशी एक अक्षर बोलले नव्हते. बोलण्यासारखं काही होतं असंच त्यांना वाटलं नव्हतं. पोर झोपली होती. अनेक रात्री जागलेली पोर, झोपली. त्यात काय बोलायचं?

आणि ती बिचारी इतके महिने त्यांचा प्रत्येक "हं" ऐकत होती.

"तुझ्या टपरीवर गिऱ्हाईक आलंय," आप्पा ओठांतले खिळे तळहातावर घेऊन म्हणाले.

किल्लीवाला दचकला. आप्पांच्या तोंडून एवढं लांब वाक्य त्याने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईक कुठेच नव्हतं. पण तो समजूतदार होता, उठून गेला. आप्पांनी तळहातावरचे खिळे डबीत टाकले आणि ते जिना चढले.

सूनबाई स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती. धुतलेली भांडी पुन्हा धूत होती.

"पोरी, बस जरा."

ती बसली नाही. आप्पाच माईंच्या स्टुलावर बसले. सुरुवात कुठून करायची ते त्यांना सुचेना. कापड असतं तर कुठून ताणायचं ते कळलं असतं.

"तू त्या शिपायावर फार चिडलीस."

"कविता आहे आप्पा. माझा अर्थ आहे तो."

"असेल. मला कवितेतलं काय कळतंय? पण तू जे बोललीस ते कवितेतलं नव्हतं. तू आपल्या घरातलं बोलत होतीस."

तिने नळ बंद केला. पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही तरी किती दिवस गप्प राहणार होता? एकदा बोलला असता, ओरडला असता, तर बरं झालं असतं. तुम्ही त्या दिवशी आलात, मी झोपलेली बघितलीत. मला उठवायच्या आधी माझ्या अंगावर पांघरूण घातलंत. काही बोलला नाहीत. त्या दिवसापासून मला ते पांघरूण..." 



"कुठलं पांघरूण?"

"माईंचं. मखमलीचं."

ते पांघरूण आप्पांनीच माईंसाठी शिवलं होतं. सोफ्यांच्या उरलेल्या मखमलीचे तुकडे जोडून, आत जाड अस्तर घालून. चांगलं वजनदार झालं होतं. माई म्हणायच्या, "पांघरूण आहे का सतरंजी? घेतलं की माणूस कूस बदलायचा विचार सोडून देतो."

"मी नाही घातलं," आप्पा म्हणाले.

सूनबाई वळली.

"मी रात्री खाली दुकानात झोपायला गेलो तेव्हा ते माईच्या अंगावर होतं. मीच नीट केलं होतं. पहाटे चहा घेऊन आलो तर ते तुझ्या अंगावर. कानापर्यंत. आणि मानेपाशी आत खोचलेलं, ती पोराला लहानपणी खोचायची तसं. मला वाटलं तुला माहीत आहे. मला वाटलं तिनं घातलं तेव्हा तू जागी झाली असशील, काही बोलली असशील तिच्याशी."

"माई कशा घालतील? त्यांना कप उचलवत नव्हता."

"तेच तर."

 नळातून एक थेंब पातेल्यात पडला.

"किती वेळ लागला असेल तिला, देव जाणे," आप्पा म्हणाले. "आधी स्वतःवरून ओढून काढायचं. मग तुझ्यापर्यंत न्यायचं. तू उठू नयेस अशा बेतानं. तिला तुला हाक मारायची असती ना, तर त्याला याच्या शंभराव्या हिश्शाचं बळ पुरलं असतं. नाही मारली. तुला एकटं टाकून ती गेली नाही, आणि तूही तिला एकटं टाकलं नाहीस. तिच्या उशाशी लेक झोपली होती. तिचं आईचं काम चाललं होतं."

सूनबाई खाली फरशीवरच बसली. रडली, चांगली हमसून रडली. आप्पांना काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

"मग त्यांना थंडी वाजली असेल," ती मध्येच म्हणाली.

"वाजली असेल. तिची मर्जी. तिच्या मर्जीपुढे मी कधी बोललो नाही, तू काय बोलणार?"

रडता रडता तिला हसू फुटलं. ते हसू बघून आप्पांचे डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी चहा ठेवायचं निमित्त काढलं आणि चहात मीठ घातलं.

तो चहा सिंकमध्ये ओतून दुसरा होईपर्यंत सूनबाईने पुस्तक उघडून ओट्यावर ठेवलं होतं.

"आप्पा, त्या कैद्याजवळ त्या रात्री काय उरलं होतं?"

"मला विचारतेस?"

"वर्गाला विचारतेय. तुम्ही वर्ग आहात."

आप्पांनी विचार केला. "काहीच नाही. हात तेवढे. तेही खुनी."

"आणि एक रात्र. 'रात्र एवढी राहिली माझी.' त्याने एकाचा जीव घेतला होता, तो काही परत देता येत नव्हता. मग जे द्यायला उरलं होतं ते त्याने दिलं. एका दमलेल्या माणसाला झोप." तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "मी आत्तापर्यंत वाचत होते ते शिपायाने काय केलं नाही एवढंच. कैद्याने काय केलं ते वाचलंच नव्हतं."

"म्हणजे शिपायाची काही चूक नाही?"

"आहे ना. पहाऱ्यावर झोपणं चूकच. कैद्याचाही गुन्हा पुसला जात नाही, फाशी टळत नाही. पण शिपायाने ती झोप घेतली नसती, तर देणाऱ्याचे हात रिकामेच राहिले असते."

"हं," आप्पा म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते घाईने म्हणाले, "म्हणजे पटलं. हा पटल्याचा होता."

गुरुवारी आप्पांनी दुकान बंद ठेवलं आणि स्कूटरवरून सुनेला शाळेत सोडलं. किल्लीवाल्याने निघताना तिला बजावलं होतं, "पोरांनी कुलपाचं विचारलं तर सांगा, जुन्या तुरुंगाचं आहे, आतून उघडत नाही. माझं नाव सांगा."

सोडून परत यायचं ठरलं होतं, पण आप्पांचा पाय निघेना. वर्गाबाहेरच्या बाकावर ते बसले. खिडकी उघडी होती. आत मागच्या बाजूला मुख्याध्यापिका वही घेऊन बसल्या होत्या आणि फळ्यापाशी सूनबाई उभी होती. फळ्यावर तारीख लिहून झाली होती. आता ती गप्प होती. आप्पा बाकावरून खिडकीकडे सरकले. बोल गं, बोल.

"एक गोष्ट आधीच सांगते," ती म्हणाली, "या कवितेतल्या एका माणसावर मला फार राग आला होता. कुणावर ते सांगणार नाही. बघू तुम्हाला कुणावर येतो."

वर्ग सावरून बसला. तिने कविता वाचली, सावकाश, प्रत्येक कडव्याला पुरेसा श्वास घेऊन. शेवटची हाक तिने इतक्या हळू वाचली की मागच्या बाकावरची मुलं पुढे वाकली.

"मला कैद्याचा राग आला," एक मुलगी म्हणाली. "मित्राला मारलं आणि आता चांगलं वागतोय. आता चांगलं वागून काय उपयोग?"

"उपयोग झाला ना, शिपायाची नोकरी वाचली," दुसरा म्हणाला.

"नोकरी वाचली म्हणजे मित्र जिवंत झाला का?"

"मी कुठे म्हटलं जिवंत झाला?"

"मग तो माणूस चांगला का वाईट?" पहिल्या मुलीने थेट सुनेलाच विचारलं. "बाई, एक काय ते सांगा. परीक्षेत काय लिहायचं?"

सगळा वर्ग थांबला. मुख्याध्यापिकांचं पेनही थांबलं.  सूनबाईने पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं.

"मारलं त्यानेच. झोपू दिलंही त्यानेच. यातलं एक खोडून दुसरं लिहिता येईल का तुला?"

मुलगी विचारात पडली. "नाही," ती म्हणाली. "पण मग त्याला फाशी द्यायला नको होती."

"का नको?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मग जे सुरू झालं ते आवरायला सूनबाईला टेबल वाजवावं लागलं. कोण शिपायाच्या बाजूने, कोण मेलेल्या मित्राच्या बाजूने, एकजण तर म्हणाला, शिपाई खरं म्हणजे झोपलाच नव्हता, नुसते डोळे मिटून पडला होता, कैद्याला बरं वाटावं म्हणून. सूनबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "हे मला सुचलं नव्हतं," ती म्हणाली. "कशावरून म्हणतोस? कवितेतून दाखव." आणि तो पुस्तक घेऊन उभा राहिला.

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

थोड्या वेळाने मुख्याध्यापिका बाहेर आल्या. बाकावर बसलेल्या आप्पांकडे त्यांचं लक्ष गेलं.

"आपण कोण?"

"मी सासरा. सोडायला आलो होतो."

"सोडून झालं ना? मग जा आता. त्यांना वेळ लागेल." त्यांच्या तोंडावर हसू होतं. "पुढच्या तासाच्या बाई आज आल्या नाहीत. मी म्हटलं, बघू या, घेतात का. नोकरीचं काय ते नंतर बोलू, पण बोलू एवढं नक्की."

खिडकीतून सूनबाईचं डोकं बाहेर आलं. गाल लाल, हाताला खडू. "आप्पा, तुम्ही जेवून घ्या. माझी वाट बघू नका."

"बघतो," आप्पा म्हणाले. "मला कुठे जायचंय?"

ती आत गेली. पुढचा तास व्याकरणाचा होता. आप्पांना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण ते शेवटपर्यंत बसून राहिले.